जुन्या सागवानी पलंगाचा बाक कसा करायचा

एका बाकाला लागणारं जवळजवळ सगळं लाकूड जुन्या सिंगल पलंगात आधीच असतं, आणि तेही बऱ्यापैकी जोडलेलं. उशाची चौकट म्हणजे पाठ. पायथ्याची चौकट मधोमध कापली की दोन बाजूंचे हात. बाजूच्या दोन लांब पट्ट्यांतून बैठकीचा सांगाडा. नवं लाकूड विकत आणायची गरज बहुधा पडत नाही, आणि करवत चालवायची ठिकाणंही मोजकी आहेत.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात: जुने सांधे मोडायचे नाहीत. चौकटीतल्या आडव्या पट्ट्या खुरात, म्हणजे पलंगाच्या पायात, कुसू (पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ) घालून बसवलेल्या असतात. असा सांधा घरी, मोजक्या हत्यारांनी, नवशिक्याला पुन्हा करता येत नाही. पलंगाच्या सगळ्या फळ्या सुट्या करून त्यातून बाक ‘नव्याने’ बांधायला गेलं की लाकूड जुनं आणि जोडणी कच्ची अशी वस्तू तयार होते. ती वर्षभरात डुगडुगायला लागते.

पलंग पारखून घ्या

घरात पलंग नसेल तर मुंबईत ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार किंवा चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, आणि गावोगावचे जुनं लाकूड विकणारे अड्डे इथे तो मिळतो. घेताना आधी उलटा करून बघा. वरून सगळंच पॉलिश केलेलं असतं. खालच्या बाजूला लाकडाचा खरा रंग आणि खरी अवस्था कळते. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो, आणि पॉलिश पेपर मारला की चामड्यासारखा वास येतो. कडेला फिकट पांढुरका पट्टा दिसला तर ते बाहेरचं कोवळं लाकूड. कीड गाभ्याला सहसा लागत नाही, पण या पांढऱ्या भागाला हमखास लागते.

टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली म्हणून पलंग लगेच टाकून देऊ नका. चौकटी वर्तमानपत्रावर आठवडाभर उभ्या ठेवा. खाली पिठासारखा बारीक भुसा पडला तर कीड जिवंत आहे. काही पडलं नाही तर ती बहुधा जुनी, मेलेली भोकं आहेत. खुराच्या तळाला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत रुतलं तर तेवढा भाग वाळवीने किंवा ओलीने गेलेला आहे. दोन इंचांपर्यंत कुजलेलं असेल तर खूर खालून कापून बाकाची उंची दुसरीकडून भरून काढता येते. त्याहून जास्त असेल तर तो पलंग सोडा. पार्टिकल बोर्डावर सनमायका लावलेले पलंग या कामाचे नाहीत. कापलेल्या कडेला स्क्रू धरत नाही आणि बोर्ड ओल लागली की फुगतो.

पलंगाला ऑइल पेंट असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून असा रंग कोरडा घासू नका. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडा, नाहीतर पाणी मारत वॉटर पेपरने घासा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा आणि निघालेला चोथा पिशवीत बांधून टाका.

माप आधी, करवत नंतर

खालची मापं नेहमीच्या सिंगल पलंगाची धरली आहेत: दोन्ही चौकटींची रुंदी ३६ इंच, उशाची उंची ३६, पायथ्याची उंची २४, खूर अडीच इंच चौरस, बाजूच्या पट्ट्या ७२ इंच लांब, ५ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. तुमचा पलंग वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

बैठकीची उंची हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. माणूस बसल्यावर, गादी दबल्यावर, जमिनीपासून साधारण साडेसतरा इंच उंची सोयीची. तीन इंची चांगला फोम बसल्यावर सुमारे दोन इंच राहतो, खालचा प्लाय पाऊण इंचाचा. साडेसतरातून हे पावणेतीन वजा केले की समोरच्या पट्टीची वरची कड पावणेपंधरा इंचांवर यायला हवी. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर ती कड १६ इंचांवर घ्या, उठताना फरक जाणवतो.

मागची कड मात्र समोरच्यापेक्षा पाऊण इंच खाली, म्हणजे १४ इंचांवर. पलंगाची उशाची चौकट अगदी सरळ उभी असते आणि सपाट बैठकीवर तिला टेकून बसलं की माणूस पुढे घसरतो. बैठकीला मागे हा एवढासा उतार दिला की पाठ आपोआप टेकते. हे न करता नंतर पाठीमागे जाड उशा ठेवल्या की १८ इंचांची बैठक १५ वर येते आणि मांड्यांना आधार राहत नाही.

डबलबेड असेल तर पायथ्याची चौकट मधोमध कापू नका. ५ फुटी चौकटीचे दोन भाग केले तर प्रत्येक हात ३० इंचांचा होतो आणि बैठक इतकी खोल होते की पाय जमिनीला टेकत नाहीत. दोन्ही टोकांकडून १८-१८ इंच कापा. मधला २४ इंचांचा तुकडा आधाराच्या पट्ट्यांना कामी येतो. अशा लांब बाकाला समोर मधोमध पाचवा पाय द्यावा लागतो.

लागणारं सामान

हत्यारं: बारीक दातांची हातकरवत किंवा सर्क्युलर सॉ, ड्रिल, ३, ८, १० आणि २५ मिमीची बिट्स, पाऊण इंची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), हातोडी, गुण्या (काटकोन तपासायला), मेजरिंग टेप, १३ चा पाना, किमान चार क्लॅम्प आणि एक लोहचुंबक. लोहचुंबक खर्चाच्या मानाने सगळ्यात उपयोगी.

सामान: ८ मिमी जाडीचे ५ इंची बोल्ट चार, त्यांचे नट आणि प्रत्येकी दोन वॉशर, १० मिमीच्या लाकडी खुंट्या बारा, दोन इंची आणि दीड इंची स्क्रू प्रत्येकी दोन डझन, पाव किलो पाण्याला टिकणारा फेविकॉल, १८ मिमीचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय साधारण ३४ बाय १९ इंच, पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे प्रत्येकी चार, अर्धा लिटर वाळवीरोधक लाकूडरक्षक द्रव. पलंगाचा स्वतःचा प्लाय सरळ आणि कोरडा असेल तर तोही चालेल, पण तो १२ मिमीहून पातळ असेल तर दोन थर चिकटवून घ्या.

पलंग सोडवणं आणि साफ करणं

बाजूच्या पट्ट्या आकडीच्या फिटिंगवर असतील तर खालून वर ठोकल्या की सुटतात. बोल्ट गंजलेले असतील तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. जोर लावून बोल्ट तोडला तर त्याचा तुकडा खुरातच अडकतो आणि नेमका तिथेच पुढे छिद्र पाडायचं असतं.

चौकटीतला एखादा सांधा ढिला असेल तर आत्ताच दुरुस्त करा. जुन्या पलंगांत सरस वापरलेला असतो. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर धरलं की तो मऊ पडतो. सांधा थोडा उघडून आतला जुना सरस पूर्ण खरवडून काढा, मगच फेविकॉल भरा. जुन्या सरसावर नवा फेविकॉल धरत नाही. बहुतेक दुरुस्त्या पुन्हा निखळतात त्या याच कारणाने.

आता दोन्ही चौकटींवरून लोहचुंबक सावकाश फिरवा. पॉलिशखाली आणि पुट्टीखाली दडलेले खिळे तेव्हाच सापडतात. सर्क्युलर सॉ चालू असताना खिळा लागला की पातं तर जातंच, दातही उडू शकतो. म्हणून चष्मा घातल्याशिवाय करवत हातात घेऊ नका, आणि घासताना एन-९५ मास्क लावा. सागाच्या भुशाने पुष्कळांना खाज सुटते आणि शिंका येतात.

कापणी

पायथ्याच्या चौकटीवर मध्य आखण्याआधी मधली उभी पट्टी कुठे येते ते बघा. ती बरोबर मधोमध असेल तर १८ इंचांवर कापल्यावर ती चिरली जाईल. अशा वेळी ती पट्टी काढून घ्या, किंवा तिच्या दोन्ही बाजूंनी कापून हात इंच-दीड इंच आखूड राहू द्या.

कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाने, एकेक सरळ काठी उभी धरून क्लॅम्पने आवळा. चौकट कापताच आडव्या पट्ट्यांचं एक टोक मोकळं होतं, आतलं पॅनल खोबणीत सैल असतंच, आणि सगळा तोल एका खुरावर येतो. आवळलेलं नसेल तर शेवटच्या इंचाला चौकट पिळवटते आणि लाकूड चिरत जातं. रेघेवर मास्किंग टेप लावून धारदार सुरीने आखलं तर कड फुटत नाही.

आता या कामातली खरी मेख. कापलेला डावा भाग उजवीकडे आणि उजवा भाग डावीकडे लावायचा. पायथ्याची नक्षीदार बाजू पलंगाच्या बाहेर असते आणि बाजूच्या पट्ट्यांच्या खाचा आतल्या बाजूला. भाग आहेत त्याच बाजूला फिरवून लावले तर खाचा आणि फिटिंगची भोकं बाहेर येतात, नक्षी आत गादीमागे झाकली जाते. अदलाबदल केली की नक्षी बाहेर राहते, खाचा आत वळतात आणि समोरची पट्टी त्यांवरच बसून त्यांना झाकते. कापलेले भाग लगेच उशाच्या चौकटीपुढे उभे करून बघा, आणि प्रत्येकावर खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा.

बाजूच्या पहिल्या पट्टीतून समोरची पट्टी ३१ इंच आणि मागचा आधार ३१ इंच निघतो. ३६ मधून अडीच इंचांचे दोन खूर वजा केले की ३१ उरतात, पण कापण्याआधी तुमच्या दोन खुरांमधलं अंतर स्वतः मोजा. उरलेल्या तुकड्यातून कोपऱ्यांचे चार ठोकळे करा. दुसऱ्या पट्टीतून १६-१६ इंचांचे दोन बाजूंचे आधार आणि मधला एक आधार. त्यातूनही वीस इंचांहून जास्त शिल्लक राहतं. तो तुकडा जपून ठेवा, खाचा भरायला त्याच झाडाचं लाकूड लागतं.

जोडणी

आधी जुन्या खाचा भरा. सागाचा तुकडा खाचेच्या मापाचा घासून, फेविकॉल लावून ठोकून बसवा आणि चोवीस तास वाळू द्या. खाच मोकळी ठेवून वरून बोल्ट घातला तर तो पोकळीतून जातो आणि कितीही आवळला तरी धरत नाही.

हात उशाच्या खुराला जोडताना नवशिक्यांचा बाक हमखास फसतो. मागून खुरातून लांब स्क्रू घालून हात आवळला की पहिल्या दिवशी तो घट्ट वाटतो. पण स्क्रू हाताच्या आडव्या पट्टीच्या कापलेल्या टोकात शिरतो, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने. तिथे आट्यांची पकड कमी असते. कोणी हातावर भार देऊन उठलं की स्क्रू थोडाथोडा बाहेर येतो.

इथे बोल्टच हवा. हात जागेवर उभा करून क्लॅम्पने धरा. खुराच्या मागून २५ मिमीच्या बिटने अर्धा इंच खोल खड्डा करा, त्याच्या मध्यातून ८ मिमीचं छिद्र सरळ पट्टीच्या टोकात सुमारे तीन इंच न्या. मग पट्टीच्या आतल्या अंगाला, टोकापासून दोन इंच सोडून, २५ मिमीचा खिसा पाडा. पट्टी आरपार जाऊ नये म्हणून बिटवर टेप लावून खोली आखा. खिशाची टोकाकडची भिंत गोल असते, ती पटाशीने सपाट करा, नाहीतर वॉशर तिरका बसतो. मागून बोल्ट आला की खिशात वॉशर आणि नट लावून आवळा. प्रत्येक हाताच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला एकेक असे चार बोल्ट. बोल्टभोवती पट्टी फिरू नये म्हणून प्रत्येक बोल्टशेजारी एक खुंटीही घाला.

फेविकॉल लावण्याच्या अगदी आधी सागाची कापलेली कड स्पिरिट किंवा थिनरच्या फडक्याने पुसा आणि ते उडून गेलं की लगेच चिकटवा. सागात नैसर्गिक तेल असतं. ते पृष्ठभागावर आलेलं असलं की फेविकॉलची पकड कमी होते.

समोरची पट्टी दोन खुरांच्या मध्ये, प्रत्येक टोकाला दोन खुंट्यांवर बसवा. आतल्या कोपऱ्यात ठोकळा दोन्ही बाजूंना चिकटवून स्क्रूने आवळा. मागचा आणि बाजूंचा आधार उशाच्या आणि हातांच्या खालच्या पट्ट्यांना दोन इंची स्क्रूने लावा. पट्टी पातळ असेल तर स्क्रू आखूड घ्या, म्हणजे बाहेर टोक निघणार नाही. बाजूचे आधार समोरून मागे पाऊण इंच उतरते राहतील हे आखूनच घ्या. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचं छिद्र पाडायचंच. सागात सरळ स्क्रू मारला की एकतर लाकूड फाटतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. पितळी स्क्रू लावायचा असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा.

फेविकॉल ओला असतानाच बाकाचे दोन कर्ण मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढा. वाळल्यावर ते सरळ होत नाही.

पाय आणि बैठक

दुसऱ्या दिवशी बाक सपाट लादीवर ठेवा. एक पाय अधांतरी असेल तर त्याच्याखाली पातळ पत्त्या सरकवून बाक स्थिर करा. त्या फटीएवढ्या जाडीच्या तुकड्यावर पेन्सिल टेकवून बाकीच्या तीन पायांभोवती रेघ मारा आणि तिथे कापा. आखूड पायाखाली तुकडा चिकटवणं हा उपाय नाही, तो निघतो.

चारही पायांच्या तळाला आणि सगळ्या कापलेल्या टोकांना लाकूडरक्षक द्रवाचे दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते, त्यामुळे ओल याच वाटेने चढते. वरून नायलॉनचे बूट ठोकले की पाय लादीपासून थोडे सुटे राहतात.

प्लाय खुरांच्या कोपऱ्यांपाशी खाचा करून बसवा. बाजूंना २ ते ३ मिमी फट ठेवा. प्लाय चिकटवू नका, दीड इंची स्क्रूनेच लावा, म्हणजे पुढे बोल्ट आवळायला तो काढता येईल. फोमला हवा लागावी म्हणून त्यात २५ मिमीची दहा-बारा भोकं पाडा. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात बंद प्लायवरची गादी खालून बुरसते.

प्लायऐवजी नवार विणायची असेल तर चारही बाजूंच्या पट्ट्या किमान सव्वा इंच जाड हव्यात. नवार ताणली की समोरची पट्टी आत ओढली जाते, म्हणून मधला आधार काढायचा नाही, तो नवारीच्या दोन इंच खाली बसवायचा. नवार सहा महिन्यांत एकदा ताणावी लागते.

पॉलिश

८० नंबरने जुना थर काढा, १२० ने रेषा घालवा, २२० ने हात फिरवा. घासणं नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा घासलेला ओरखडा पॉलिशनंतरच दिसतो, आणि तेव्हा तो घालवायला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. नक्षीत पॉलिश पेपर काठीला गुंडाळून चालवा.

चपडा (लाखेचं) पॉलिश नवशिक्याला सगळ्यात सोपं, कारण चूक स्पिरिटने पुसता येते. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्या. कापसाचा गोळा सुती फडक्यात बांधून पातळ हात द्या, एकाच जागी दोनदा रेंगाळू नका, आणि दर दोन-तीन हातांनंतर २२० चा वापरलेला कागद अलगद फिरवा. सहा ते आठ हात पुरतात. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

चपड्याला गरम कप सोसत नाही. बाकाचा हात म्हणजे चहाचा कप ठेवायची जागा, तिथे महिन्याभरात पांढरी गोल खूण उमटते. म्हणून हातांच्या वरच्या पट्टीला तरी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश द्या. ते चपड्यावर न देता कोऱ्या लाकडावर द्यायचं. ओटीवर किंवा अंगणाकडे बाक राहणार असेल तर सगळ्यालाच बाहेरचं पीयू हवं. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

पॉलिशचं काम दिवाळीनंतर ते मेअखेर करावं. पावसाळी दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि थर पांढुरका दिसतो. तसं झालंच तर कोरड्या दिवसाची वाट बघून स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवा, बऱ्याचदा झाक जाते.

गादी

फोम ४० डेन्सिटीचा, तीन इंची, ३१ बाय १८ इंच. स्वस्त मऊ फोम काही महिन्यांत मधोमध खड्डा धरतो आणि मग बैठकीच्या उंचीचा आधी केलेला हिशेब बिघडतो. फोम खोळीपेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा कापा, तरच कोपरे भरीव दिसतात. ५४ इंच पन्ह्याचं कापड सव्वा मीटर पुरतं, पट्टे किंवा मोठी नक्षी जुळवायची असेल तर दीड मीटर घ्या. सुती कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवा. चेन मागच्या बाजूला, आणि ती कोपऱ्यावरून तीन-तीन इंच वळवलेली असावी, नाहीतर एवढा जाड फोम आत घालताना टाके उसवतात.

बाक वापरात आल्यावर साधारण महिन्याने प्लाय काढून चारही नट पुन्हा आवळा, कारण नव्या जोडणीतलं लाकूड तोवर दबून बसलेलं असतं. पहिला पावसाळा संपून हवा कोरडी झाली की आणखी एकदा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना नट जोर लावून आवळू नका. वॉशर लाकडात रुततो आणि हिवाळ्यात तोच सांधा सैल पडतो.